आतल्या खोलीखालचे पाणी

काँक्रीट फोडणाऱ्या ब्रेकरचा आवाज एकाएकी थांबला तेव्हा ती बाहेरच्या खोलीत आपल्या खाटेवर, दोन्ही हात कानांवर ठेवून बसली होती. आवाज थांबला तरी त्याची थरथर काही काळ तिच्या दातांत आणि खाटेच्या लोखंडी पायांत शिल्लक राहिली. मग दारातून धूळ आली, आणि धुळीमागून डोक्याला फडके गुंडाळलेला प्लंबर आला. भुवयांवरची पांढरी भुकटी त्याने मनगटाने पुसली.

"काकू, खाली काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"नळी नाही. हातभर खाली गेलो. नुसती माती, तीसुद्धा खडखडीत. या मातीनं जन्मात पाणी बघितलेलं नाही."

"नीट बघा," ती म्हणाली. "तिथेच आहे."

हे तिने चढ्या स्वरात म्हटले नाही. आपले वय सांगावे, आपले माहेर कोणते ते सांगावे, तितक्या सहजतेने म्हटले. या घरात तिला निश्चयाने ठाऊक असलेल्या गोष्टी आता थोड्याच उरल्या होत्या, आणि आतल्या खोलीच्या जमिनीखालून सांडपाण्याची नळी गेली आहे ही त्यांतली फार जुनी गोष्ट होती. तिच्या संसाराची मांडणीच त्या नळीवरून झाली होती: खाट कुठे घालायची, दिवा कुठला लावायचा, कोणी कोणत्या भिंतीकडे तोंड करून झोपायचे. उभ्या आयुष्यात तिने नवऱ्याकडे मागितलेली अशी एकच गोष्ट होती, आणि ती त्यांनी मोडली होती. ती नळी तिथे नसेल, तर मग... पण त्या वाक्याचा उरलेला भाग तिच्या मनाने अजून उच्चारला नव्हता. ती उठली, काठी घेतली आणि आतल्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिली. खोलीच्या मधोमध एक ओबडधोबड खड्डा पडला होता. काँक्रीटची ढेकळे त्याच्या कडेला रचून ठेवली होती आणि तळाशी पिवळसर माती, चाळून ठेवल्यासारखी, निरागस दिसत होती.

घर तसे लहान. मागच्या अंगाला स्वयंपाकघर, आतली खोली आणि पलीकडचा बोळ हे एका रांगेत. आणि या रांगेला समांतर, रस्त्याच्या बाजूला, लांबट आडवी बाहेरची खोली. स्वयंपाकघरातल्या मोरीचे आणि वरच्या बिऱ्हाडाचे पाणी जमिनीखालून जाऊन बोळातल्या गटाराला मिळे. मोरीपासून बोळापर्यंत दोरी ताणली तर ती आतल्या खोलीच्या बरोबर मधून जाई. गटारावरचे झाकण मात्र बोळाच्या नव्या फरशीखाली केव्हाच गाडले गेले होते, त्यामुळे नळी बाहेर कुठे निघते हे आता डोळ्यांनी पाहण्याची सोय उरली नव्हती. न्हाणीघर परसात, पायऱ्या उतरून. गेल्या वर्षापासून तिचा गुडघा त्या पायऱ्यांना नकार देऊ लागला, तेव्हा मुलाने आणि सुनेने ठरवले की आतल्या खोलीतच न्हाणीघर करून टाकावे. नाहीतरी बाबा गेल्यापासून ती खोली रिकामीच पडून होती. विचारायला दोघे जरा भीतभीतच आले होते. ती चटकन म्हणाली, "करा की. ती खोली तशीही पाण्याचीच आहे." सुनेला वाटले सासूबाई विनोद करताहेत, म्हणून ती हसली. मुलगा हसला नाही. आई बाहेरच्या खोलीत आणि बाबा आतल्या खोलीत, मध्ये सदैव उघडे दार, अशा घरात तो लहानाचा मोठा झाला होता.

नळी नेमकी कुठे असेल, असे प्लंबरने सकाळी विचारले होते. नळी शोधायचे यंत्र आणू का, म्हणाला होता. तिने काठीच्या टोकाने जमिनीवर एक अदृश्य रेघ ओढून दाखवली होती, स्वयंपाकघराच्या भिंतीपासून बोळाच्या भिंतीपर्यंत. "इथून निघते, तिथे जाते. यंत्र कशाला? माझ्या यजमानांनी घातलीय. त्यांना खात्यात ओळंबा म्हणायचे."

ते खरेच होते. पालिकेच्या गटारांच्या कामावर ते ओव्हरसियर होते आणि त्यांच्या देखरेखीखाली पडलेली नळी सरळ असायची, दोरीसारखी. खिशात पाणसळ बाळगणारा माणूस. लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांत त्यांनी ती लहानशी, काचेत हिरवा बुडबुडा असलेली वस्तू तिच्या तळहातावर ठेवली होती आणि म्हणाले होते, "हात स्थिर धर. बुडबुडा मध्ये आला पाहिजे." तिचा हात थरथरत होता, बुडबुडा पळत होता, आणि ते दोघेही हसत होते. नव्या कामगारांना ते सांगत, "नळीला वळण दिलं की घाण तिथे पाहुण्यासारखी बसायला येते, आणि पाहुण्यासारखीच उठायचं नाव घेत नाही." घरी पाहुणे असतानाही हे वाक्य ते म्हणत, आणि मग तिला पाहुण्यांसमोर काहीतरी सारवासारव करावी लागे.

"बघतो पुन्हा," प्लंबर म्हणाला. "पण काकू, आता यंत्रच आणतो. नाहीतर आपण सगळं घर नांगरून काढू आणि हाती काही लागायचं नाही. चालेल?"

ती हो म्हणाली. तो निघून गेल्यावरही ती दारातच उभी राहिली. त्या खोलीत पाऊल टाकताना अजूनही तिचा कान आधी आत जाई. भिंतीत आता काही नव्हते. पण कानाला भिंतीची आठवण होती. मुले लहान होती तेव्हा वरच्या बिऱ्हाडाचे पाणी याच भिंतीतल्या लोखंडी नळीतून खाली येत असे. धाकटी मुलगी काही महिन्यांची होती. तापाने फणफणलेली, दुपारची वेळ. ते डॉक्टरांना आणायला धावले होते, मोठा मुलगा शेजाऱ्यांकडे होता, आणि ती पाळण्याशी वाकून मुलीच्या छातीवर कान ठेवून बसली होती. श्वास येत होता. फार लहान, फार दुरून येत होता. एक आला की विसावा, मग दुसरा. ती मोजत नव्हती, केवळ पुढच्याची वाट पाहत होती, आणि पुढचा आला की त्याच्या पुढच्याची. त्या क्षणांइतके एकाग्र तिने आयुष्यात काही केले नव्हते. तेवढ्यात वर कोणीतरी धुण्याची बादली ओतली. भिंतीतून पाणी गुरगुरत, गिळत, खदखदत उतरले. सारी खोली त्या आवाजाने भरून गेली. आणि तो ओसरल्यावर तिने पुन्हा कान लावला तेव्हा छाती ऊन होती, पण आत काही नव्हते. शेवटचा श्वास त्या पाण्यात गेला. मूल गेल्याचे दुःख काळाने हळूहळू झिजवले असते, इतर आयांचे झिजते तसे. पण आपण कान लावून बसलेलो असताना ते आपल्याला न कळता गेले, जाताना त्याने काही म्हटले असेल तर तेही आपण ऐकले नाही, हे झिजले नाही. त्याला झिजायला जागाच नव्हती. वरच्या बिऱ्हाडात रोज कोणीतरी काहीतरी धूत असे.

त्यांनी भिंतीतली नळी काढून टाकायचे ठरवले. काम त्यांनी रजा घेऊन, खात्यातली दोन माणसे हाताशी घेऊन स्वतः करायचे होते: वरचे पाणी स्वयंपाकघरात उतरवायचे, तिथून जमिनीखालून बोळात न्यायचे, आणि साऱ्या घराची जमीन नव्याने काँक्रीटची करून टाकायची. तेवढे दिवस ती माहेरी जाणार होती. निघताना मोठ्या मुलाला कडेवर घेऊन ती उंबऱ्यात थांबली. "अहो," ती म्हणाली, "वाटेल ते करा, पण या खोलीखालून पाणी नेऊ नका." ते पाणसळ पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "बघतो." हा शब्द ते खात्यात येणाऱ्या प्रत्येक तक्रारीला वापरत. तिला तो ओळखीचा होता आणि त्यात तिने फार आशा ठेवली नव्हती. पण थोडी ठेवली होती. माहेरी ती त्या थोड्या आशेवर झोपत असे.

ती परतली त्या दिवशी घरभर ओली पोती अंथरलेली होती आणि नव्या सिमेंटचा गार, जरासा आंबट वास सुटला होता. बाहेरच्या खोलीत फळ्यांवर खुर्च्या मांडून त्यांचे साहेब आणि तिचे थोरले दीर चहा पीत बसले होते. काम बघायला आले होते. तिने मुलाला खाली ठेवले, पिशवीही ठेवली नाही, आणि विचारले, "नळी कुठून नेलीत?" त्यांनी तोंड उघडले होते, हे तिला अजून आठवते, त्यांनी तोंड उघडले होते. पण आधी साहेबच म्हणाले, "वहिनी, हा काय प्रश्न झाला? ओळंबा नळी कुठून नेणार? नाकासमोर, सरळ!" दीर मांडीवर थाप मारून हसले. "आमच्या भावाला वाकडं चालताच येत नाही हो. लहानपणी वळणावर आला की रडायला लागायचा." आणि मग तेही हसले. कपातल्या चहाकडे पाहत म्हणाले, "हो. सरळच आहे."

त्या संध्याकाळी तिने आपले अंथरूण उचलून बाहेरच्या खोलीत आणले. भांडण झाले नाही. त्या घरात भांडणे होत नसत. ते दारात येऊन उभे राहिले आणि बराच वेळ चौकटीवरून बोट फिरवत राहिले, जणू ती ओळंब्यात आहे की नाही ते पाहत असावेत. मग म्हणाले, "आत काही ऐकू यायचं नाही. एकदा झोपून तर बघ." ती म्हणाली, "नको." यंत्रांच्या आणि नळ्यांच्या माणसांनी काढलेली ही समजूत आहे, जाड नळी वापरली आहे, खोल पुरली आहे, वगैरे, असे तिला वाटले. आपण पाण्याबद्दल बोलतो आणि हे जाडीबद्दल बोलतात, असे वाटले. नंतरच्या वर्षांत ते हेच वाक्य अधूनमधून म्हणत. सणासुदीला नवे कपडे आणल्यावर, मुलगा परीक्षा पास झाला तेव्हा, एकदा ती आजारातून उठली तेव्हा: "एकदा आत झोपून तर बघ." त्या वाक्याचा सूर हळूहळू विनंतीचा राहिला नाही, सवयीचा झाला, आणि तिचे "नको"ही सवयीचे झाले. दार मात्र दोघांपैकी कोणी कधी लावले नाही.

आणि ती चुकत होती असे कोण म्हणेल? तिला पाणी ऐकू येत होते. बाहेरच्या खोलीत, भिंतीला लागून घातलेल्या खाटेवर, वरच्या बिऱ्हाडातले म्हातारे अवेळी उठून हातपाय धुवायचे तेव्हा जमिनीतून एक दबलेला, घशातल्या घशात बोलल्यासारखा आवाज यायचा. ती कुशीवर वळायची, मुलाच्या अंगावर हात टाकायची आणि मनात म्हणायची: इथे, भिंतीच्या अलीकडे, एवढे, तर तिथे केवढे असेल! आणि हे त्या आवाजावर निवांत झोपतात. उघड्या दारातून त्यांचा संथ श्वास ऐकू यायचा. त्या श्वासाचा तिला राग यायचा. तो राग तिने फार काळजीपूर्वक, दिव्याची वात सारावी तसा, वर्षानुवर्षे पेटता ठेवला होता.

दुपारी प्लंबर यंत्र घेऊन आला. एका फिरकीवर गुंडाळलेली लांब लवचिक तार, तिच्या टोकाला बोटाएवढी एक कुपी. ही कुपी नळीत सरकत जाताना गुपचूप खूण सोडते आणि जमिनीवर धरलेले दांडीचे यंत्र ती ऐकून कुंई करते, असे त्याने सुनेला समजावून सांगितले. "म्हणजे मांजराच्या गळ्यात घंटा," सून म्हणाली. "बरोबर. फक्त मांजर खाली आणि आपण वर." त्याने दांडीचे यंत्र मुलाच्या हाती दिले, हातात खडू दिला, आणि स्वतः स्वयंपाकघरात मोरीशी उकिडवा बसून तार आत सोडू लागला. मुलाने आतल्या खोलीत, खड्ड्याच्या अलीकडे यंत्र धरले. ते गप्प राहिले. पलीकडे धरले. गप्प.

"दादा, काही बोलतंय का?"

"काही नाही."

"इकडे तर अडकली. थांबा." आणि प्लंबरने तार धरलेले मनगट आतल्या बाजूने एक झोका देऊन फिरवले, खांदा खाली झुकवला, पुन्हा फिरवले. तार सरकली. "वळण आहे इथे. मनगट फिरवल्याशिवाय जायची नाही."

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ते मनगट तिने पाहिले. हे तिने शेकडो वेळा पाहिले होते. मोरी वरचेवर तुंबे. ते कामावरून येत, बाह्या वर सारत, इथेच उकिडवे बसत आणि जाड तार आत घालून असेच, अगदी असेच, मनगट आत फिरवून खांदा झुकवीत. ती याच दारात उभी राहून म्हणायची, "गावभरची गटारं वाहती केलीत, आणि घरचीच तेवढी तुंबते, ओळंबेसाहेब." ते तार फिरवत राहत. एकदा मात्र, पाठ तिच्याकडेच असताना, म्हणाले होते, "तुंबू दे. काढतो मी." सरळ नळीत तार घालायला मनगट का फिरवावे लागते, हे तिने कधी विचारले नाही. विचारायला हवे होते असे तिला कधी वाटलेही नाही. नवऱ्याच्या हातांच्या हालचाली बायको पाहते, वाचत नाही.

"बाहेरच्या खोलीत बघा दादा," प्लंबर ओरडला. "भिंतीला धरून."

कुंई. तो आवाज इतका बारीक होता की आधी तिला वाटले, कुठेतरी मूल रडले. मुलाने खडूने फुली मारली. पुढे आणखी एक, आणखी एक. पांढऱ्या फुल्यांची रांग आतल्या खोलीची भिंत अंगचोरपणे टाळत, तिच्या बाजूबाजूने बाहेरच्या खोलीतून सरकत निघाली, जणू झोपलेल्या माणसाला ओलांडू नये म्हणून कोणी वळसा घालून चालले आहे. सुनेने खुर्ची आणली. "आई, तुम्ही बसा इथे, खाट जरा हलवायचीय." खाट हलली. जमिनीवर तिच्या पायांचे जुने, काळपट ठसे उमटलेले होते. त्या ठशांच्या मधोमध, जिथे तिची उशी असे, यंत्र सगळ्यांत मोठ्याने ओरडले.

"इथे तर अगदी वरच आहे," मुलगा म्हणाला. फुली मारायची सोडून तो खडूकडे पाहत राहिला. "बाबांनी वळण घातलं? शक्यच नाही."

प्लंबर हात पुसत आला आणि फुल्यांकडे पाहून खळखळून हसला. "दादा, तुमच्या वडलांनी नळी टाकली का साप सोडला? स्वयंपाकघरातून इकडे, इथून वळून बोळात. दोन वळणं! मधली खोली सोवळ्यात असल्यासारखी टाळलीय. खाली खडक-बिडक लागला असेल."

"खडक नाही," ती म्हणाली.

"मग कशासाठी एवढा खटाटोप?"

तिची नजर फुल्यांवरून आतल्या खोलीकडे गेली. सून म्हणाली, "आई, पाणी देऊ का?" आणि मग पाणी हा शब्द ऐकून तिला हसू येईलसे वाटले, पण जे आले ते हसू नव्हते. ती खुर्चीत स्थिर बसून राहिली. तिघेजण नळीची खोली, उतार, नवे न्हाणीघर असे काहीबाही बोलत होते आणि ती त्यांच्यामध्ये बसून आपले सारे आयुष्य एखादे कापड उसवावे तसे शेवटाकडून मागे उसवत चालली होती. त्यांनी ऐकले होते. मान वर न करता, पाणसळ पुसता पुसता, त्यांनी ऐकले होते. आणि ज्या माणसाला वळणाची घृणा होती त्याने स्वतःच्या घरात, स्वतःच्या हाताने, दोन वळणे घातली होती. मग ज्यांनी त्याला सरळपणासाठी ओळंबा म्हटले त्यांच्यासमोर, बायकोच्या भीतीपायी नळी वाकवली असे सांगण्याचे धैर्य त्याला एका चहाच्या कपाएवढ्या वेळापुरते झाले नाही. साहेब आणि दीर निघून गेल्यावर ते सांगणार असतील. अंथरूण उचलेपर्यंत तिने तेवढा वेळ दिला होता का? दाराच्या चौकटीवरून बोट फिरवत ते उभे राहिले तेव्हा ते तेच सांगत होते. नळ्यांच्या माणसाला जमेल तसे सांगत होते. झोपून तर बघ. बघितले असते तर कळले असते. सांगावे लागलेच नसते. ती मात्र तेथून उठून, नेमकी, हिशेब करून जावे तशी, जिकडून त्यांनी पाणी वळवले होते तिथेच जाऊन झोपली.

आणि त्याहून वाईट विचार त्याच्या मागे उभा होता. तो तिला दिसला तेव्हा तिने खुर्चीचे हात धरले. आतल्या खोलीत काहीच ऐकू येत नाही, हे त्यांना ठाऊक होते. बाहेरच्या खोलीत तिच्या उशीखालीच नळी आहे, हेही. तरी ती म्हणत होती, आत नको, आत पाणी आहे. मग त्यांनी काय समजावे? पाणी हे निमित्त आहे, असेच त्यांनी समजले असेल. मूल गेले त्या दुपारी डॉक्टरांना घेऊन यायला आपल्याला उशीर झाला, ते हिला विसरता येत नाही. हिला माझा शेजार नको आहे, आणि बिचारी तसे म्हणू शकत नाही म्हणून पाण्याचे नाव घेते. असे समजून, तिचे निमित्त तिला मोकळे राहावे म्हणून, ते खरे सांगायचे थांबले असतील. वर्षामागून वर्षे तिच्यासाठी केलेली ती शांतता एकटेच वापरत राहिले. शेवटच्या आजारात ती दिवसभर त्यांच्या उशाशी बसे आणि झोपायला बाहेर येई. एका संध्याकाळी ते म्हणाले होते, "आज इथेच झोप." ती म्हणाली होती, "तुम्हाला ठाऊक आहे ना." "हो," ते म्हणाले, "ठाऊक आहे," आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केले. ज्या 'ठाऊक आहे'चा अर्थ तिने पाणी असा घेतला होता, तो अर्थ तेव्हाच त्यांच्याबरोबर भिंतीकडे वळला असला पाहिजे.

"...म्हणजे असं करू," प्लंबर सांगत होता, "ही वाकडी लाइन बंदच करून टाकू. आतलं फोडलंच आहे आपण. मोरीपासून आतल्या खोलीतून सरळ बोळात काढतो. दोन दिवसांत मोकळं. पुन्हा तुंबायचं नाव नाही."

"हेच बरं," मुलगा म्हणाला. "नाहीतर बाबा गेल्यापासून दोनदा तुंबली. मला काही ती तार जमत नाही."

"नाही," ती म्हणाली.

तिघेही तिच्याकडे वळले. ती काठी न घेता उभी राहिली होती, आणि गुडघा दुखत असल्याची खूण तिच्या चेहऱ्यावर कुठेही नव्हती. "वाटेल ते करा," ती म्हणाली, "पण या खोलीखालून पाणी न्यायचं नाही."

"अगं पण आई, न्हाणीघर..."

"न्हाणीघर इथे करा. माझ्या खाटेच्या जागी. नळी इथेच आहे, तुम्हालाही सोपं. मी आत झोपते."

"आत?" मुलाने असे विचारले की जणू ती घर सोडून जायचे म्हणते आहे. "तू आत झोपणार?"

"आणि वळण राहू दे. तुंबली तर तुंबली. मनगट कसं फिरवायचं ते या प्लंबरकडून शिकून घे."

प्लंबरने डोक्याचे फडके सोडले आणि झटकले. "माझं काय, काकू, मला दोन्ही सारखंच. उलट तुमचा खर्च वाचला," तो म्हणाला, आणि मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून पुढची थट्टा त्याने गिळली. खड्डा उद्या बुजवतो, असे सुनेला हळू आवाजात सांगून तो आवराआवर करू लागला.

ती आत गेली. सुनेने हात पुढे केला तो तिने घेतला नाही. भिंतीला धरून, पाय लांब करत ती हळूहळू खाली बसली, खड्ड्याच्या कडेला. बोळाच्या बाजूला, खिडकीखाली, त्यांची खाट असे. आता तिथे भिंतीवर डोक्याच्या तेलाचा एक पुसट गोल तेवढा होता. तिने खड्ड्यात हात घातला. माती बोटांतून सुटी गळाली. इतकी वर्षे या जमिनीखाली हिला कोणी भिजू दिले नव्हते. हे काम पाहायला साहेब आले होते, दीर आले होते. ज्याच्यासाठी ते केले होते ते माणूस तेवढे कधी आले नव्हते. आता आले होते, उशिरा, आणि ऊन उतरले होते.

"आई, काय करतेस?" मुलाने दारातून विचारले.

"मोरीत एक बादली ओत," ती म्हणाली. "भरलेली. एकदम ओत."

तो गेला. तिने काँक्रीटवर गाल टेकला, आणि कान. जमीन गार होती. जमिनीच्या नव्या-जुन्या वासाखाली सिमेंटचा तो आंबटसर वास अजून होता, किंवा तिला आठवला. स्वयंपाकघरात बादली भरण्याचा आवाज, कडी वाजल्याचा आवाज, मग पाणी मोरीत धबाबा कोसळल्याचा आवाज हवेतून आला आणि थांबला. आणि जमिनीतून काहीच आले नाही. ती ऐकत राहिली. ज्या एकाग्रतेने एकदाच ऐकले होते, त्याच एकाग्रतेने ऐकत राहिली. ही शांतता कोणा एका श्वासासाठी मागितली होती. ती इतकी पूर्ण, इतकी काळजीपूर्वक केलेली होती की तीत एखाद्या लहान मुलाचा श्वासही ऐकू आला असता, खिडकीखालच्या खाटेवरचा ऐकू आला असता. फक्त तिचाच येत होता.

"आई, आलं का ऐकू?"

तिने डोळे मिटले. तोंड खिडकीच्या भिंतीकडे होते.

"नाही, अहो," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात तसंच आहे. काही ऐकू येत नाही."

स्वयंपाकघरात मुलाने दुसरी बादली नळाखाली लावली.